मिसेस प्रिचर्ड यांचा बाक

स्क्रँटन, पेनसिल्व्हेनिया
१८ ऑक्टोबर २००४

ती. शैलजाताईस,
प्रभूच्या नावाने सप्रेम सलाम. वि. वि.

कुरडया पोचल्या, पण कस्टमवाल्यांनी चुरा करून. चमच्याने खातो आहे.

माझ्या चर्चच्या मंडळीत आता एकोणीस माणसं उरली आहेत. सगळ्यांचे पणजोबा वेल्समधून इथल्या कोळशाच्या खाणीत आलेले. वेल्श भाषा कुणालाच धड येत नाही, तरी दर उपासनेत एक गीत वेल्शमधून, आणि तेही एकाच वेळी चार वेगळ्या सुरांत, झालंच पाहिजे. मी आपला नगरच्या सवयीने एकाच चालीत जोरात गातो. बिचारे सहन करतात.

ताई, माझ्या हातून एक चूक झाली आहे. आमच्या मिसेस प्रिचर्ड यांचे यजमान इव्हान मार्चमध्ये गेले. तेव्हापासून त्या शेवटच्या बाकावर एकट्याच बसत. आपल्याकडे अशा बाईला बाकीच्या बायका मध्ये घेऊन बसतात ना, तसं मी तीन तारखेला त्यांचा हात धरला आणि पुढे, बायकांच्या रांगेत नेऊन बसवलं. मग मोठं पुण्यकर्म केल्याच्या थाटात उपदेशाला पुलपिटवर चढलो. नंतर चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकनने सांगितलं, की तो बाक म्हणजे त्या नवरा-बायकोची एक्केचाळीस वर्षांची जागा.

त्या दिवसापासून बाई चर्चला आलेल्या नाहीत. तीनदा घरी गेलो. पडदा हलला, दार उघडलं नाही. एकोणिसातलं एक माणूस माझ्यामुळे तुटलं तर मी कसला पाळक? मीनाक्षी गेल्यापासून घरात हे बोलायलाही कुणी नाही.

माझ्यासाठी प्रार्थना कर. आणि जमल्यास रागावू नकोस.

तुझा,
रवींद्र


अहमदनगर
१ नोव्हेंबर २००४

चि. रवींद्रास,
अनेक आशीर्वाद.

रागावले आहे. लहानपणापासून तुला माणसं उचलून इकडची तिकडे ठेवायची खोड. बाईंना विचारलंस का, त्यांना कुठे बसायचंय ते? मीनाक्षी गेल्यावर तिची उशी हलवली म्हणून साफसफाईच्या बाईवर ओरडलास, हे तूच मला फोनवर सांगितलं होतंस. विसरलास वाटतं.

आता असं कर. न सांगता दार ठोठावायला ते काही आपलं नगर नव्हे. आधी फोन कर. बायबल घरी ठेव, वचनं सांगू नकोस. चूक झाली म्हण आणि गप्प बस. गप्प बसणं तुला अवघड आहे, ठाऊक आहे मला.

जेवणाची आबाळ करू नकोस. तुझ्या आवाजावरून कळतं.

पत्राची वाट पाहणारी,
शैलजाताई


स्क्रँटन
१५ नोव्हेंबर २००४

ती. शैलजाताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. लगेच फोन केला, शनिवारी गेलो. बाईंनी चहा आणि तव्यावर भाजलेले मनुकांचे वेल्श केक पुढे ठेवले. मी चूक झाली म्हटलं आणि तुझं ऐकून गप्प बसलो.

मग त्या म्हणाल्या, की त्यांना माझा राग आलाच नव्हता. त्या दिवशी पुढे बसून, बायकांच्या सुरात सूर मिळवून गाताना त्यांना फार बरं वाटलं होतं. घरी येऊन कोट काढताना लक्षात आलं, की तासभर इव्हानची आठवणच झाली नाही. त्या शरमेने त्या यायच्या थांबल्या. पुन्हा आलो आणि पुन्हा बरं वाटलं तर काय करायचं, असं त्यांनी मला विचारलं.

ताई, मी अठ्ठावीस वर्षं पाळक आहे. पण वचन एकही सांगितलं नाही. खरं होतं तेवढं सांगितलं. नऊ तारखेला मीनाक्षीचा स्मृतिदिन होता. बाईंचं दार कसं उघडेल या काळजीत तो दिवस निघून गेला, आणि मला ते कळलं तुझ्या पत्रात तिचं नाव वाचल्यावर. त्यावर बाईंनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

काल त्या चर्चला आल्या. कुणी न सांगता पुढच्या रांगेत जाऊन बसल्या, आणि छान गायल्या. पुलपिटवरून मला शेवटचा बाक दिसत होता. तिथे आता कुणीच नव्हतं. दुसऱ्या कडव्याला मी गायचा थांबलो. बाकीचे चारही सुरांत गात राहिले.

तुझी माया अशीच पोचत राहो.

तुझा,
रवींद्र