किल्ल्यातली रडणारी बाई

तीर्थरूप बाबा,

तुमच्या पाया पडते. फोनवर तुमी मधातच रागावता, म्हणून लिहून राह्यली. मी खुशाल आहो, जेवण येळेवर होते. कापसाची वेचणी झाली काय? आईचा गुडघा कसा आहे?

वणीकडच्या ज्या जुन्या किल्ल्यात आमची अंधश्रद्धा निर्मूलनाची मंडळी भुताचा शोध घ्याले आली, तिथं परवा दिवस बुडताना दारूगोळ्याच्या कोठारातून खरंच रडणं आलं. सोबतचा अंकुर म्हणे, "ताई, वापस चाला." मी टॉर्च घेऊन आत गेली.

आत भूत नव्हतं, बाबा. कौसल्या नावाची म्हातारी होती. पुतण्याचं लेकरू तापानं गेलं, तर गावानं हिनंच करणी केली म्हणून मारून हाकललं. मी इचारलं, "मावशी, रडता काहून?"

"लोक भुताले भेतात, बाई, मले नाही. रडली का कोणी दगड माराले येत नाही."

पोलिसात तक्रार देली आहे. उद्या आमी तिले तिच्याच घरी नेऊन राह्यलो. पोलीस सोबत आहेत, आन् मी महिनाभर तिथंच राहीन. काल गावात आमच्या जीपची काच फुटली, पण मले लागलं नाही. आईले सांगू नका. मले परत बोलवू नका, मी येणार नाही.

आज सकाळी मावशीनं माझ्याजवळ कंगवा मागतला. म्हणे, "गावात जाचं आहे, केस नीट पायजेत."

तुमचीच हट्टी लेक,
सुरभी