खोळ सुटली त्या दिवशी

बाबा, चांदूर बाजारजवळच्या त्या गावातल्या देवाची खोळ सुटली. तुम्ही असता तर अमरावतीच्या कोर्टातलं काम टाकून गेला असतात, म्हणून लिहिते आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेलशेंदूर लावून दगडावर वीतभर जाड झालेलं ते कवच आपोआप गळलं की गाव ते वाजतगाजत पूर्णेत सोडतं आणि दगडाला पुन्हा शेंदराचा पहिला हात लावतं. मधला थोडा वेळच काय तो दगड उघडा असतो. "वकीलसाहेबाले शब्द देल्ला होता," असं म्हणत गावचा माणूस अकोल्याला मी शिकवते त्या शाळेत आला. तुम्ही गेल्याचं त्याला ठाऊक होतं. तो मला न्यायला आला होता.

तो जुना रविवार अजून डोळ्यांसमोर आहे: मी नागपूरला रसायन शिकते आहे, सुट्टीत आले आहे, आणि तुम्ही मला त्या गावी बरोबर नेता. पारावर गाव जमलं आहे. मागच्या खेपेला गावाच्या तोंडून ऐकून वहीत उतरवलेलं तुम्ही वाचून दाखवता; माळ्यांची म्हातारी "असं नोतं ते" म्हणते, आणि तुम्ही तिच्यासमोर ओळ खोडता. शेंदराखाली दगडावर गाव वसवल्याचा लेख कोरलेला आहे, अशी तुमची खात्री. मी पिशवीतून कॉस्टिक सोड्याची बाटली काढते. तेलातला शेंदूर त्यानं तासाभरात सुटेल, असं सांगते. "वकीलसाहेब, पोरगी देवाचं आंगडं उतरवून राहिली," म्हातारी म्हणते. सगळे हसतात, तुम्ही हसत नाही.

"विचारलंस?"

"कुणाला?"

"दगड ज्यांचा आहे त्यांना."

बाटली तुम्ही स्वतःच्या हातानं पिशवीत परत ठेवता. गाव एवढंच कबूल करतं, की आपोआप सुटली तर बोलावू. त्यानंतरही तुम्ही जातच राहिलात.

या वेळी दगड मी साध्या पाण्यानं धुतला, तोही विचारून. उतरत्या उन्हात चारी बाजूंनी पाहिला, ओल्या कागदावर ठसा घेतला. काठी घेतलेला एक माणूस, मागे गाई. लेख नाही, एक अक्षरही नाही. पारावर येऊन मी तसं सांगितलं. तुमच्या इतक्या वर्षांच्या वाट पाहण्याचा निकाल त्या एका वाक्यात लागला. म्हातारी आता फार वाकली आहे. तिनं मला जवळ बसवलं.

"बरं झालं, पोरी. लिवेल असतं तं तुया बाप एकदाच वाचून गेला असता. आमच्यात बसाले पुना कायले आला असता?"

मग पारावरचे सगळे तुमच्याबद्दल सांगू लागले. तुम्ही तिथं भाकरी कशी कुस्करायचात, कुणाच्या भांडणात कुणाला दटावलंत. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. तुमचे रविवार त्या गावाला जायचे, याचा मला लहानपणी राग यायचा. तुम्हाला तो कधी दिसू दिला नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं सांगते: त्या संध्याकाळची अकोल्याची गाडी मी जाणूनबुजून चुकवली.