शगुफ्ताचा प्रश्न

प्रिय आई,

तू गेली तेव्हापासून माझ्या हातांशी बोलायले कोणी नव्हतं. आता आपल्या मूल गावच्या राईस मिलमध्ये शगुफ्ता आली आहे. तिलेही तुझ्यासारखंच ऐकू येत नाई.

काल मालक धनराजभाऊंनी सगळ्यांले बोलावलं. मिलचा तांदूळ आता स्वतःच्या नावानं बाजारात जाणार, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शगुफ्तानंही. मी खुणेनं विचारलं, "काय समजलं?" ती हसली आणि तिनं नकारार्थी मान हलवली.

मले तिच्यात तूच दिसली. मी उठून म्हटलं, "भाऊ, हिले काहीच समजलं नाई."

"मंग टाळ्या काऊन वाजवून राह्यली?"

"सगळ्यांत एकटी पडू नये म्हणून."

भाऊ म्हणाले, "पुनम, तू इथी समोर उभी राह्य. मी पहिल्यापासून सांगतो."

ते हळूहळू सांगत गेले, मी हातांनी सांगत गेली. शेवटी शगुफ्तानं भाऊंनी दाखवलेल्या नव्या पिशवीच्या नमुन्यावरच्या फोन नंबरावर बोट ठेवलं आणि खुणेनं विचारलं, "तांदूळ खराब निघाला, तर माझ्यासारखीनं कसं कळवायचं?"

भाऊंनी लगेच छापखान्यात फोन लावला. आता पिशवीवर मोठ्या अक्षरांत येईल, 'फोन करा किंवा मेसेज लिहा.' यापुढं प्रत्येक बैठकीत मी शगुफ्तासमोर उभी राहणार, हेही ठरलं.

सगळे खूश होते. मी मात्र घरी येऊन रडली. तुझं सारं आयुष्य याच मिलमध्ये गेलं. तुलेही काही विचारायचं असेल ना, आई? काय होतं ते?

तुझी,
पुनम