गडाचे चिरे

बाबा, शारजाहून भिकाजीचा साष्टांग नमस्कार.

मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. तुमचा गुडघा कसा आहे?

इथे जुन्या घरांच्या डागडुजीचं काम आहे. आमच्या इंजिनिअर मॅडमनी फ्रान्समधल्या कार्कासोन शहराच्या तटाचे फोटो दाखवले. लोक त्याचे दगड घरांसाठी नेत, सरकारही तो पाडणार होतं. गावातल्याच एका माणसाने विरोध केला, मग तट पुन्हा उभा राहिला.

मला तुम्ही आठवलात. आपल्या घराच्या पुढच्या पायऱ्यांसाठी मी गडाचे चिरे काढले तेव्हा तुम्ही अडवलंत, आणि मी चारचौघांत तुम्हाला वेड्यात काढलं. "हे त्या पायऱ्यांवर पाय ठेवत नाहीत, अजून मागच्या दारानेच घरात येतात," आई फोनवर म्हणाली. चुकलो, बाबा.

सुट्टीत आलो की चिरे परत नेतो. पण कुठला कुठून काढला, ते मला आठवत नाही. तुम्हाला आठवतं ना?

तुमचाच,
भिकाजी