परसातलं गवत आणि उलटे आटे

२ सप्टेंबर
बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टर म्हणाले, रोज सपाट जमिनीवर चालायचं, नाहीतर गुडघा आखडेल. घरासमोरचा रस्ता उताराचा, वर गाड्यांची वर्दळ. राहिलं मागचं परस. तिथे गवत कमरेएवढं. म्हणून ती तूर्त भावाकडे गेली. गवत निघालं की दुसऱ्या दिवशी येते म्हणाली. म्हटलं, निघालंच समज.
माळी विळा घेऊन दारात उभा होता. परत पाठवला. घरात गवत कापायचं मशीन असताना विळा?

३ सप्टेंबर
मशीन चालू केलं. इंजिन झकास. फक्त खालच्या गरगर फिरणाऱ्या हेडमधली, गवत कापणारी नायलॉनची दोरी संपलीय, आणि हेडही झिजलंय. क्षुल्लक बाब.
हार्डवेअरच्या दुकानात गेलो. हेडचे इतके प्रकार असतात हे ठाऊक नव्हतं. एक जमिनीवर आपटलं की दोरी आपोआप बाहेर सोडतं. एकात दोरीचे तुकडे हाताने ओवायचे. दोरीही गोल, चौकोनी, पिळाची. दुकानदार म्हणाला, कुठलंही न्या, गवतच कापायचंय ना. या वृत्तीमुळेच सगळ्याचं वाटोळं झालंय. मी जन्मभर खरेदी खात्यात होतो. तीन कोटेशनं आल्याशिवाय टाचणी घेतली नाही.

७ सप्टेंबर
तिसरं कोटेशन येत नाही. तिसरं दुकानच नाही म्हणतात. पलीकडच्या गावात चौकशी सुरू.
बायकोचा फोन. अभ्यास चालू आहे म्हणालो. ती म्हणाली, गवत कापताय की त्यात परीक्षा देताय? मग म्हणाली, माळ्याला बोलवा. मग म्हणाली, काहीही करा, पण माझ्या लिंबाच्या झाडाला जपा. बी लावून वाढवलंय, यंदा पहिल्यांदा कळ्या धरल्यात. दुकानं हिंडून माझ्या पाठीचं काय झालंय ते कोणी विचारत नाही. लिंबाची मात्र चौकशी.

११ सप्टेंबर
मेहुण्याचा फोन. याला जगातलं सगळं येतं. म्हणाला, दाजी, मी येऊन कापून देऊ का? म्हटलं, आभारी आहे, इथे अजून माणसं जिवंत आहेत. त्यावर म्हणाला, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे गुडघा ताईचा, आणि नवरा मुळीच उतावळा नाही. मागे बायको हसत होती. हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

१३ सप्टेंबर
निर्णय घेतला. आपटायचं हेड आणलं, दोरी सगळ्यात जाड. दुकानदार म्हणाला, तुमच्या मशीनला जड जाईल. जाड ते टिकाऊ, इतकं साधं याला कळत नाही आणि दुकान चालवतो.
जुन्या हेडचा नट निघेना. जीव खाऊन फिरवला. पान्याला पाइप लावून फिरवला. हाताला फोड. उद्या निघेल.

१४ सप्टेंबर
या नटाचे आटे उलटे असतात! म्हणजे काल दिवसभर मी तो घट्ट करत होतो. ज्याने हे बनवलं त्याने अक्कल कुठे गहाण टाकली होती? कंपनीला कडक पत्र लिहिणार. भाषा मनात तयार आहे.

१५ सप्टेंबर
दोरी भरली. आतल्या चकतीवर एक बाण असतो, कुठल्या दिशेने गुंडाळायचं त्याचा. आता सांगा, ज्या लोकांनी आटे उलटे ठेवले त्यांचा बाण सुलटा असेल कशावरून? एकदा फसलो. बाणाच्या विरुद्ध गुंडाळली. अनुभव म्हणतात तो हाच.

१६ सप्टेंबर
हेड आपटलं. दोरी बाहेर यायची ती आतच गेली. जोरात आपटलं. आणखी जोरात आपटलं. हेड फुटलं. हल्ली प्लास्टिकला दम नाही.
बायकोला जमीन वाकडीतिकडी आहे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, नाचता येईना... आणि पुढचं म्हणालीच नाही. मग म्हणाली, इथे मला पाहुण्यासारखं वाटतं हो. मला घरी यायचंय.
मलाही तेच हवंय. दुसरं काय चाललंय माझं?

१७ सप्टेंबर
तुकडे ओवायचं हेड आणलं, पातळ दोरीचं. म्हणजे मी पहिल्या दिवशी मनात धरलं होतं तेच. बायको रविवारी भावाबरोबर येतेय, बॅग घेऊनच. परस मोकळं असेल तर राहणार. असेलच.

१९ सप्टेंबर, संध्याकाळ
फत्ते! सगळं गवत आडवं. काय सपासप कापतं! कोपरे साफ, कुंपण साफ. लिंबाच्या बुंध्याला गवत चिकटून होतं, तेही सोडलं नाही. मशीन चारही बाजूंनी अगदी खोडाला भिडवून फिरवलं. माळ्याच्या सात पिढ्यांना जमलं नसतं. उद्या मेहुण्याचं तोंड बघायचंय.

२० सप्टेंबर
ती काठी टेकत परसात आली. एक फेरी मारली. छान झालंय म्हणाली. खरंच म्हणाली. मग लिंबापाशी थांबली.
बुंध्याची साल खाली गोल सोलली गेली होती. दोरीने. पांढरं खोड दिसत होतं. मेहुण्याने वाकून त्यावर बोट फिरवलं, चारही बाजूंनी गेलीय म्हणाला. मी म्हटलं, साल काय, परत येते.
ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, माळ्याने अर्ध्या दिवसात कापलं असतं. मी केव्हाच घरी आले असते, आणि झाडही राहिलं असतं. मग भावाला म्हणाली, बॅग गाडीतच राहू दे.
अगं, पण गवत निघालंय ना, म्हटलं. निघालंय, म्हणाली, आणि गाडीत बसली.
एवढ्याशा सालीसाठी! हद्द झाली. दोन दिवसांत राग उतरेल.

२६ सप्टेंबर
बुंध्याला ओलं फडकं बांधलं. पाणी दोन वेळा. कळ्या गळल्या. ऊन फार आहे, त्याने असेल.

४ ऑक्टोबर
पानं पिवळी. कंपनीला पत्र अजून लिहिलं नाही. सुचत नाही.
फोन केला. झाड सुधारतंय असं सांगणार होतो. मेहुण्याने उचलला. म्हणाला, ताई फिरायला गेलीय, आता काठीसुद्धा लागत नाही तिला.
संध्याकाळी परसात गेलो आणि लिंबापर्यंत चालत जाऊन आलो. जमीन चांगली सपाट आहे. कडेला गवत परत वर येतंय.