तीन टिचक्या

दि. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

जाताना तू छत्री विसरलीस, चष्म्याचं घर विसरलीस आणि मला विसरलीस. छत्री खुंटीला टांगली, चष्म्याचं घर कपाटात ठेवलं. आता मला कुठे ठेवायचं तेवढं कळव. सतरा दिवस झाले. पोस्टमन आपल्या दारावरून मान खाली घालून जातो, जणू तुझं पत्र त्यानेच गिळलंय.

हे पत्र खालचा घड्याळजी लिहून घेतोय. डोळ्यातलं भिंग न काढताच लिहायला बसला, म्हणजे माझ्या चुका मोठ्या दिसतील. मी चार वाक्यं बोलले की हा एक लिहितो. मला अक्षर ओळखता येत नाही, त्यामुळे धाक तरी कसा दाखवायचा? पत्र फारच शहाणं वाटलं तर समज, ते त्याचं आहे.

इकडे सगळं जागच्या जागी आहे. तुझं ताट दोन्ही वेळा मांडते. माझा नियम तुला ठाऊक आहे: घरचं माणूस परगावी असलं तरी त्याचं ताट पालथं पडू द्यायचं नाही. काठावर नखाने तीन टिचक्या मारायच्या, ज्याचं ताट त्याचं नाव घ्यायचं, मग जेवायचं. तू दुधाच्या दातांपासून हेच करत आलीस. मी टिचक्या मारते, भिंगरी जेवतेय म्हणते आणि तुझ्या वाटचंही मीच संपवते. अन्न टाकायला जीव होत नाही. तुझी आई तुला माझ्या पदरात टाकून गेली तेव्हापासून या घरात दोन ताटं आहेत, ती दोनच राहतील.

घरमालकीण खोलीत शेगडी पेटवू देत नाही असं तू जातानाच म्हणाली होतीस, तर बाहेर नीट जेव. कुठे जेवलीस, काय जेवलीस, सगळं लिही. उभ्या जन्मात मी हॉटेलाची पायरी चढले नाही. खाऊन नाही तर ऐकून तरी पोट भरू दे.

लोभ आहेच. तो वापरत जा, नाहीतर गंजतो.

तुझी आजी

---

दि. ११ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

छत्रीचा गुन्हा कबूल, तुझा नाकबूल. पत्र रोज मनात लिहीत होते, पोस्टमनला तेवढं दिसलं नाही.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि खिडकी उघडली की समोरची भिंत आत येते. काम मात्र आवडलं. दंतवैद्यबाई रुग्णांच्या तोंडाचं माप घेतात आणि आम्ही मागच्या खोलीत कवळ्या घडवतो. आधी मेणाच्या, मग पक्क्या. आज चौदा दाढा घासल्या. परक्यांच्या तोंडात मी सोबत जाणार, गंमतच आहे.

माझ्या शेजारी साचेवाले काका बसतात. त्यांना शहरातली सगळी नावाजलेली हॉटेलं पाठ आहेत, आणि दुपारच्या सुट्टीत मला कुठे ना कुठे नेणं हे त्यांनी व्रत धरलंय. एक हॉटेल जिन्याखाली आहे. तिथे जागा हवी असेल तर जेवणाऱ्याच्या खुर्चीची पाठ धरून उभं राहायचं. तो बिचारा घाईने घास गिळतो. दुसऱ्यात फक्त सूप मिळतं आणि रांग कोपऱ्यापर्यंत असते. आज गोदीजवळच्या हॉटेलात गेलो. कोळशावर भाजलेला मासा, वर लिंबू पिळलेलं. खिडकीशी टेबल मिळालं. दोन मासे, चार पाव आणि वाडगाभर भात मी एकटीने संपवला.

आणि आजी, पायऱ्या उतरले तर पोटात खड्डा. जणू जेवलेच नाही. काका म्हणाले, समुद्राची हवा. असेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भिंगरी

---

दि. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं उत्तर यायच्या आधीच हे धाडतेय, कारण मला दम निघत नाही. आज दुपारी भात आणि भोपळ्याची भाजी केली होती. माझं ताट संपवलं, मग तुझं घेतलं. टिचक्या मारल्या, पहिला घास तोंडात घातला, आणि लिंबू लागलं. लिंबू आणि जळक्या कोळशाचा वास असलेला मासा. घरात महिन्याभरात मासा आला नाही. चवीने माणूस भुलतं, म्हणून मी गप्प जेवत राहिले. खरं सांगू का, फार चांगला होता.

मग दाताला काहीतरी टोचलं. काढून बघते तर काटा. भोपळ्याला काटे कधीपासून फुटायला लागले, असं मी घड्याळजीला विचारलं. त्याने भिंगाखाली धरून पाहिला आणि बारीक स्क्रू ठेवतो त्या डबीत ठेवून दिला.

बाकी माझी तब्येत विचारशील तर ती माझ्यापेक्षा चांगली आहे. पोलक्याच्या शिवणी दोनदा उसवाव्या लागल्या. शेजारीण म्हणाली की नात गेल्यापासून आजी बाळसं धरतेय. या वयात बाळसं धरलं तर आता दातही येतील, मग तुझा धंदा बसला.

तुझी आजी

ता. क. काटा माशाचाच आहे. हे त्यांनी सांगितलेलं नाही, मी लिहितोय. — घड्याळजी

---

दि. २० फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं पोचली. दुसरं वाचून आधी हसले. मग तारीख पाहिली आणि पत्र पाकिटात परत घातलं. त्याच दुपारी मी तो मासा खाल्ला होता.

तुझ्यापासून लपवणार होते, पण आता लपवण्यासारखी मी उरले नाही. पट्ट्याला कामाच्या यंत्राने तीन नवी भोकं पाडली. परवा बोटातली अंगठी निसटून मेणात पडली. मी दुप्पट जेवते, तरी हॉटेलातून उठते ती भुकेली. दंतवैद्यबाईंनी ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, छाती तपासली. रोग काहीच नाही, जेवत जा म्हणाले.

काल पुन्हा गोदीजवळ गेले. तिथे एक म्हातारे वाढपी आहेत, चाळीस वर्षं तिथेच. मी सवयीने ताटाला तीन टिचक्या मारल्या आणि त्यांच्या हातातला वाडगा कलंडला. रस्सा पुसत ते हळूच म्हणाले की असं करणारं माणूस त्यांनी एकदाच पाहिलंय. बत्तीस वर्षांपूर्वी एक खलाशी यायचा. त्याची बोट दुरुस्तीला चार महिने गोदीत पडून होती. याच खिडकीशी बसायचा, तीन टिचक्या मारायचा, तिघांचं जेवायचा आणि उठताना रिकामा असायचा. शेवटी शेवटी कमरेला पट्ट्याऐवजी बोटीचा दोर बांधून येई. घरी माझ्या नावाने ताट मांडतात, असं तो एकदा म्हणाला होता. वाढपीबाबांनी तेव्हा पुढे विचारलं नाही म्हणून आता मला विचारलं, की तुझ्या नावाने घरी कोण जेवतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या टेबलाची समोरची खुर्ची कायम बाहेर ओढलेली असते. ते आत ढकलतात, वळतात, की ती पुन्हा बाहेर. त्यांनी आता नाद सोडलाय.

आजी, आपल्यातलं कुणी इथे होतं का?

तुझी भिंगरी

---

दि. २५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

घड्याळजीने तुझं पत्र वाचून दाखवलं. मी पुन्हा वाच म्हटलं, तेव्हा त्याने भिंग काढून ठेवलं.

तो तुझा थोरला काका. तुझा जन्मही नव्हता तेव्हा. तो आजाराने गेला एवढंच तुला सांगितलंय, कारण मी स्वतःलाही तेवढंच सांगत आले. बोटीवर होता. कुठल्या बंदरातून पत्र आलं ते पोस्टमन वाचून दाखवायचा, आणि गावांची नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत. मी त्याचं ताट दोन्ही वेळा मांडायची. टिचक्या मारायची, थोरला जेवतोय म्हणायची आणि जेवायची. कधी न चाखलेल्या चवी तोंडात यायच्या. मला वाटायचं, लेकाच्या आठवणीने असं होतं. अंगाने भरले. बायका म्हणायच्या, मुलगा पाण्यावर आणि आई वाऱ्यावर फुगतेय. मी हसायची.

तो घरी आला तेव्हा दार पुरतं उघडावं लागलं नाही. त्यालाही रोग नव्हता. अकरा दिवस मी त्याला हाताने भरवलं, पण तोवर त्याचं शरीर घेणं विसरलं होतं. एकोणतीस वर्षांचा होता.

मला तेव्हा कळलं नाही असं म्हटलं असतं, पण घड्याळजी खरं लिहितो. अर्धं कळलं होतं. त्या अर्ध्यावर मी झाकण ठेवलं, आणि झाकणावर बसून इतकी वर्षं विनोद करत राहिले. आणि तू गेलीस तेव्हा पुन्हा ताट मांडलं. सवयीला डोळे नसतात, पण मला होते.

आता रडायला बसू नकोस, भिजलेलं पत्र घड्याळजीला वाचता येत नाही. तुझं ताट आज पालथं घातलं आणि वर लोखंडी इस्त्री ठेवली. या घरात तुझ्या नावाने आता शीतही गिळलं जाणार नाही.

तू एक काम कर. दिवसाउजेडी त्या टेबलाशी जा. समोरच्या खुर्चीपुढे भरलेलं ताट ठेवायला सांग. तीन टिचक्या मार आणि काकाला सांग, आई म्हणते, आता तू माझ्या नावाने जेव. यातला एकही शब्द इकडचा तिकडे करू नकोस. मग तुझं ताट घे आणि सावकाश जेव.

का ते विचारू नकोस. मोठ्यांचं कधीतरी ऐकावं, तब्येतीला चांगलं असतं.

तुझी आजी

---

दि. ३ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. साचेवाले काका सोबत होते. त्यांना वाटलं मी नवस फेडतेय, म्हणून ते मोठ्या आदराने गप्प बसले.

मी बोलले. काही झालं नाही. माशावरची वाफ तेवढी एकदम थांबली, जसा फुंकरीने दिवा विझावा. मी खाली माझ्या ताटाकडे पाहिलं, वर पाहिलं, तर समोरची खुर्ची टेबलाला लागलेली होती. कुणी जवळ ओढून बसावं तशी. आवाज आला नाही. मासा ताटात होता तसाच होता. वाढपीबाबांनी नंतर त्याचा तुकडा तोंडात टाकला आणि थुंकला. म्हणाले, खडू आहे हा.

आणि मी जेवले, आजी. एक मासा, दोन पाव. तिसरा मागवला नाही, कारण जागा नव्हती. ढेकर आली तेव्हा मला रडू फुटलं. साचेवाल्या काकांनी मिरचीला दोष दिला.

मग जिना उतरताना मला कळलं, तू माझ्याकडून काय बोलवून घेतलंस ते. माझ्या नावाने तू जेवलीस तर मी वाळले. तुझ्या नावाने तो जेवला तर? ते शब्द परत घे. कसे घ्यायचे ते सांग, मी आत्ता जाते.

तुझी भिंगरी

---

दि. १२ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

हे पत्र आजींच्या नकळत लिहितोय. बत्तीस दगडी पायऱ्या उतरून त्या माझ्याकडे यायच्या, आता मी वर जातो. त्या दोन वेळा नीट जेवतात, मी समोर बसून पाहतो. चव लागत नाही म्हणतात. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जातात. शिवणी पुन्हा आत घेतल्या.

मी यंत्रांवर विश्वास ठेवणारा माणूस आहे. पण रोज दुपारी त्या पहिला घास घेतात तेव्हा वरच्या फडताळातून, थोरल्याच्या जुन्या ताटातून, तीन टिचक्या ऐकू येतात. त्याच वेळी खालून ऐकू येणारी माझ्या दुकानातली सगळी घड्याळं तीन ठोके गप्प बसतात आणि मग चालू लागतात. मी एकेक उघडून पाहिलं. बिघाड कुठेच नाही.

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्या फक्त हसल्या. तूच काही सांग. माझं त्या ऐकत नाहीत.

घड्याळजी

---

दि. २० मार्च

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

घड्याळजीने चुगली केली, मला ठाऊक आहे. त्या दिवशी त्याने शाईचा डाग पडलेला अंगठा लपवला. अक्षर येत नसलं तरी शाई कळते. आता त्यालाच शिक्षा म्हणून हे लिहायला बसवलंय आणि भिंग काढायला लावलंय.

तू येते म्हणून लिहिलंस. ये, पण कवळ्या पुऱ्या करून ये, लोक तोंड मिटून वाट बघत असतील. शब्द परत घ्यायचं मात्र मनात आणू नकोस. त्या खुर्चीला हात लावायचा नाही.

अगं, मी जेवते तेव्हा मला चव लागत नाही, हे खरं. भात मातीसारखा आणि दूध पाण्यासारखं. पण मी चावत असते आणि मला कळत असतं की ती चव कुठे जातेय. लहानपणी थोरला तोंड भरून जेवायचा, बोलायचा नाही, नुसता हुंकार द्यायचा. परवा तो हुंकार ऐकला. फडताळातून नाही, माझ्याच नाकातून आला. घड्याळजीच्या हातातला चिमटा पडला. भित्रा आहे.

बत्तीस वर्षं माझं पोर त्या खिडकीशी खुर्ची ओढून बसलं होतं. ताटं येत होती आणि जात होती, एकही त्याचं नव्हतं. आता जेवतोय तर जेवू दे. तो कमी जेवणारा नाही, आणि माझ्यात आता फार उरलं नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. एकोणऐंशी वर्षांत मी तिघांचं जेवले. उठायची वेळ झाली तर ताटावरून समाधानाने उठावं.

तू मात्र पोटभर जेव, स्वतःच्या नावाने. जिन्याखालच्या हॉटेलात कुणी खुर्चीची पाठ धरून उभं राहिलं तरी घाई करू नकोस.

येताना गोदीजवळचा मासा आण, आणि उशीर होणार असेल तर आधी पार्सलने पाठव. खारवून सुकवलेला, वाटेत टिकेल असा. वाढपीबाबांना विचार, थोरला कुठला मागवायचा ते त्यांना आठवत असेल. लिंबं वेगळी बांध. दोघांचा पाठव. आणि डोकं कापू देऊ नकोस, त्याला डोकं आवडतं.

तुझी आजी