हैबतदादांना मी माफ केलं

२ सप्टेंबर १९९८, पेण

गणपती विरघळले नाहीत! दीड दिवसाचे, गडबच्या तळ्यात सोडलेले, आठवडा झाला तरी तसेच. पाणी जरा उतरलं तर सोंडा वर आल्या म्हणे. आज दुपारी गावची माणसं आमच्या मूर्तींच्या कारखान्यात आली. एकाने पिशवीतून गणपतीचा हात काढून आमच्या मालकांपुढे, हैबतदादांपुढे ठेवला, मोदकासकट. "शाडूचा म्हनून दिलात ना? मग ह्यो काय हाय?"

दादांनी नखाने खरवडलं. वरून शाडूचा पातळ लेप, आत पांढरंफटक प्लास्टर. दादांनी मान वर करून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, एकेकाकडे. मग म्हणाले, "मी केलं. माती वेळेवर आली नाय, मी प्लास्टर भरलं."

दादा! अख्ख्या पेणमध्ये शाडू सोडणार नाही म्हणून ज्यांनी हट्ट धरला, मोठमोठ्या ऑर्डरी परत पाठवल्या, ते दादा. मी ब्रश हातात धरून तशीच बसले.

गडबवाले जाताना म्हणाले, पुढल्या वर्षी पाट देनार नाय. पंचवीस वर्षं त्या गावचे घरोघरचे पाट पावसाळ्याच्या तोंडी आमच्याकडे येतात, त्यांच्यावर मूर्ती बसते. पाट न देणं म्हणजे सोयरीकच तोडणं.

३ सप्टेंबर

कामावर गेले. दादांशी बोलले नाही. ते पण बोलले नाहीत.

४ सप्टेंबर

दादा आज गडबला गेले आणि त्या वयात कमरेइतक्या पाण्यात उतरून सगळ्या मूर्ती गोळा करून आणल्या. बरोबर काळुराम होता. काळुराम आमच्याकडे माती मळतो, साचे भरतो. तो काठावर उभा राहून मूर्ती टेम्पोत ठेवत होता. लोक नुसते बघत बसले, कुणी हात दिला नाही. काळुराम हे सांगताना रडायलाच लागला. मालकावर जीव आहे बिचाऱ्याचा.

मला नाही रडू आलं. राग आला. त्या मूर्तींचे डोळे मी काढलेत. आखणीवाली मूर्ती उचलत नाही, तिच्यापुढे बसते. उचलली असती तर वजनावरूनच कळलं असतं. माझ्या हातून खोट्या मूर्तीला नजर दिली गेली, आणि ती मला दादांनी द्यायला लावली.

६ सप्टेंबर, रोहा

दोन दिवस रजा घेऊन माहेरी आले. आईशी बोलण्यात मन लागेना, म्हणून हमिदाच्या वाचनालयात जाऊन बसले. शाळेत एका बाकावर बसायचो, आता ती तिथली ग्रंथपाल. माझ्या वाचनाचं सगळं श्रेय तिचं. दर खेपेला एक जाडजूड कादंबरी काढून ठेवते, बर्फाच्या देशांतली, कुणीतरी मराठीत आणलेली. गुणाजी त्यांना 'तुझे रडके गोरे' म्हणतो. माझा नवरा तसा बरा आहे, पण वाचन म्हटलं की त्याला डोलवीच्या कंपनीतलं शिफ्टचं वेळापत्रक पुरतं.

या वेळची एका मास्तराची आहे. गरिबांच्या पोरांसाठी स्वतः लाकडं तोडून शाळा बांधतो. गाव त्याला देव मानतं. एका रात्री तो शेगडी विझवायला विसरतो आणि शाळा जळते. आळ येतो चौकीदारावर. मास्तर गप्प बसतो! मी गेलो तर शाळा परत कोण बांधील, असं स्वतःला समजावतो. चौकीदाराला दूर हद्दपार करतात.

इथवर वाचलं आणि पुस्तक मिटलं. हमिदाला सगळं सांगितलं, मास्तराचंही आणि दादांचंही. म्हटलं, चांगली म्हणवणारी माणसं अशीच असतात का गो?

ती म्हणाली, "मास्तर वाईट नाय गो, पुतळी. भित्रा हाय. पुरं वाच, मंग शिव्या दे."

९ सप्टेंबर, पेण

रामवाडीच्या मोठ्या कारखान्यातून निरोप आलाय. नवरात्र जवळ आलंय, देवीच्या मूर्तींना आखणीवाली हवी. जाऊ का? गुणाजीला विचारलं. तो म्हणाला, "जा की. प्लास्टरचा राग आला म्हनून प्लास्टरच्याच कारखान्यात जा." मेला बोलतो खरं, पण हसू आलं.

११ सप्टेंबर

रामवाडीला उत्तर द्यायचं आहे. दिलं नाही. कारण सोपं नाही.

मी एकोणीस वर्षांची या कारखान्यात आले तेव्हा मूर्ती पुसायचं काम होतं. मोडक्या मूर्तींवर लपून डोळे काढायची. एकदा दादांनी पकडलं. वाटलं, आता घालवणार. त्यांनी ती मूर्ती उजेडात नेली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, "डावा डोळा रागावलाय. उजवा बरा हाय." दुसऱ्या दिवशी स्वतःचा ब्रश दिला. बाकीचे कारागीर कुरकुरले, आखणी बायकांचं काम नाय म्हणाले. दादा म्हणाले, गणपतीला विचारून सांगतो. आणि पुन्हा तो विषय काढूच दिला नाही.

आज पेणमध्ये मला नावाने ओळखतात ते त्यामुळे. हे उपकार कुठे ठेवू? आणि तो प्लास्टरचा हात कुठे ठेवू?

१२ सप्टेंबर

मास्तराचं वाचतेय. चौकीदाराची बायको रोज त्याला दूध आणून देते. अख्ख्या गावात हा एकच माणूस तिच्याशी नीट बोलतो, म्हणून! तो ते दूध पितो. मला पुढे वाचवेना.

तरी वाचलं.

१६ सप्टेंबर

संपली. मास्तर कधीच सांगत नाही. म्हातारा होतो, मरतो, गाव त्याचा पुतळा उभारतं, आणि चौकीदाराची बायको त्याला फुलं वाहते. बस, एवढंच. लिहिणाऱ्याने कुठेही आरडाओरडा केलेला नाही. मी भाकऱ्या थापता थापता रडत होते. पीठ खारट झालं असणार.

आणि मग डोक्यात लख्ख उजाडलं. आपले दादा मास्तरासारखे नाहीत! चूक केली, पण चारचौघांत तोंडाने कबूल केली. कुणावर ढकलली नाही. ढकलणं किती सोपं होतं — मातीवाल्यावर, काळुरामवर, कुणावरही. तळ्यात स्वतः उतरले. एवढ्या जाडजूड पुस्तकात मास्तराला जे जमलं नाही ते दादांना एका वाक्यात जमलं. माणूस घसरतो. घसरल्यावर काय करतो ते बघायचं. हमिदाचे किती आभार मानू! हे पुस्तक हाती आलं नसतं तर मी रामवाडीला निघून गेले असते, आणि जन्मभर दादांना लबाड समजत राहिले असते.

रामवाडीला नाही म्हणून कळवलं.

१७ सप्टेंबर

आज बोलले. दादा देवीच्या मुकुटाला सोनेरी लावत होते. काळुराम मागे माती मळत होता. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "दादा, इतके दिवस मी रागावले होते. आता माझ्या मनात काही नाही. झालं ते झालं. मी तुम्हाला माफ केलंय." एवढं धीट मी कधी बोलले नव्हते. शब्द आदल्या रात्रीच ठरवून ठेवले होते.

दादांनी ब्रश खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. वाटलं काहीतरी सांगणार. मग म्हणाले, "बरं केलंस, पोरी. मन साफ असलं म्हंजी हात कापत नाय. चल, देवीचे डोळे राहिलेत."

दिवसभर हात असा चालला! किती दिवसांनी डोळे मनासारखे आले. घरी येताना बाजारातून गुणाजीसाठी खास सुकट घेतली. तो म्हणाला, "आज काय, स्वारी भलतीच मोठी झालेली दिसते." झालेच आहे मी मोठी. एखाद्याला माफ करणं किती चांगलं असतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. दादांचेही आभार. त्यांनी चूक केली म्हणून तर मला हे कळलं.

१८ सप्टेंबर

काळुराम सकाळीच दारात. आत ये म्हटलं तर येईना. खाली बघत म्हणाला, "ताई, काल तुमी दादांना माफ केलंत, ते मी मागं उभा राहून ऐकलं. मला घास गेला नाय. ते प्लास्टर मी भरलेलं. दादा तवा गुडघा सुजून खाटल्यावर व्हते. मातीचा ट्रक येईना, मला वाटलं वरून शाडू फिरवली तर कोनाला कळतंय. गडबवाले आले तवाच दादांना माझं तोंड बघून कळलं. सांजच्याला मी पाय धरले. तर म्हनाले, तुझं नाव गेलं तर तुला परत मातीला हात कोन लावू देल? माझं नाव जुनं हाय, सोसंल तेवढं."

दादा पावसाळ्यात खाटेवर होते. मी स्वतः पेज घेऊन गेले होते त्यांच्याकडे.

काळुराम आता गडबला गेलाय, घरोघर सांगायला.

मी ज्यांना माफ केलं त्यांनी काही केलंच नव्हतं. आणि माझी माफी त्यांनी मुकाट्याने घेतली.